वेंडलची चार चाकं

वेंडल होल्ट्झच्या वाट्याला गाडीतली फक्त चाकं आली होती.

वाटणीच तशी झाली. कब स्काउटांच्या, म्हणजे छोट्या बालवीरांच्या, उतारावरून हातभर गाड्या सोडायच्या शर्यतीसाठी त्याच्या पोरीच्या, ब्रिनच्या लाकडी गाडीचा ठोकळा कापला गेला तो कर्टच्या गॅरेजमध्ये. कर्टकडे विजेची करवत होती, रंगाचा फवारा होता, आणि गेल्या उन्हाळ्यापासून ब्रिन अन् तिची आई टेस या दोघीही होत्या. पण "चाकं माझे बाबाच करणार," असं ब्रिननं तिथं ठणकावून सांगितलं म्हणे. हे कानावर आल्यापासून वेंडल असा काही मिरवायला लागला, की मक्याच्या कोठारावर कामाला असलेले सोबती त्याला 'चाकवाले साहेब' म्हणून हाका मारायला लागले. त्याला ती थट्टा वाटलीच नाही. पोरगी त्याच्याकडे येणार एक आठवडा सोडून, तीही शनिवार-रविवार. तिच्या आयुष्यात त्याच्या हातचं उरलं होतं ते एवढंच.

वेंडल कारागीर वाईट नव्हता. कुठं थांबावं ते मात्र त्याला कळत नसे. टेसचं म्हणणं, नवरा म्हणूनही त्याची हीच खोड. एकदा गप्प बसला की बसलाच.

चाकं प्लॅस्टिकची, कोटाच्या बटणापेक्षा थोडी मोठी. साच्यातून निघताना धावेवर शिवण राहते, ती घासावी लागते. चाक ड्रिलला लावून फिरवायचं आणि ओला पॉलिशपेपर नुसता टेकवायचा. पहिल्या संचाला वेंडलनं कोरडाच कागद लावला आणि ड्रिल पूर्ण वेगात सोडलं. चाक वितळून कागदाला चिकटलं. दुसरा संच आणला. या खेपेला पाणी लावलं, वेग आवरला, टूथपेस्ट घालून भोकं आतून गुळगुळीत केली. आसाचे खिळे चकाकवले, वंगण म्हणून ग्रॅफाइटची काळी पूड भरली. सगळं झकास जमलं. एकच चाक किंचित डुलत होतं.

ते घासलं. मग ते इतरांपेक्षा लहान वाटलं, म्हणून इतरांनाही घासलं. मग दुसरंच डुलायला लागलं. डुगडुगत्या टेबलाचे पाय एकेक करून कापत सुटलेल्या माणसासारखी त्याची गत झाली. चुकतंय हे कळत होतं, पण हात थांबेना. चाक डुललं तर गाडी रेंगाळणार, गाडी रेंगाळली तर पुढच्या वर्षी चाकंही कर्टच करणार.

शर्यतीच्या दिवशी चर्चच्या तळघरात खिमा-राजम्याच्या चिलीचा आणि दालचिनीच्या रोलांचा वास कोंदला होता. तपासणीच्या टेबलावर म्हातारा मर्ल भिंग घेऊन बसला होता. त्यानं ब्रिनची गाडी उलटी केली.

"वेंडल, हे रे काय?"

"का? फिरवून तर बघ."

"फिरतंय रे, उद्यापर्यंत फिरेल. पण कडेचे दाते कुठं गेले?"

चाकाच्या कडेला बारीक दाते असतात. किती का घासा, ते दिसले पाहिजेत, नाहीतर चाक बाद. गावातल्या प्रत्येक बापाला हे ठाऊक होतं. वेंडललाही होतं.

"हे बघ, इथं पुसट दिसतायत."

"ती तुझ्या अंगठ्याची छाप आहे."

"मर्ल, पाया पडतो तुझ्या. मोजू नकोस तिची वेळ, पण पळू दे. तिला एवढंच माहितीय की चाकं मी केलीत."

"गावभर पोरं आहेत बाबा, आणि प्रत्येकाला बाप आहे. दुसरी चाकं आण. लोकांचं खाऊन होईपर्यंत थांबतो."

चाकांचं दुकान होतं पलीकडच्या गावात, आणि शनिवारचं ते दुपारीच बंद झालं होतं. तरी वेंडल खिशातून मोटारीची किल्ली काढून उभा राहिला, जणू ती फिरवली की चाकं मिळतील.

कर्ट हळूच जवळ आला. हातात रुमालाची पुरचुंडी.

"माझ्याकडे एक संच आहे. सहज करून ठेवला होता. लागला तर म्हणून."

"म्हणजे लागणार हे तुला माहीतच होतं?"

"नाही रे." कर्टचे कान लाल झाले. "म्हणजे... हो."

ब्रिननं दोघांकडे पाहिलं. "बाबा, लाव ना ती. पटकन लाव. मर्लकाका नाव कापतील."

ती रुसली नाही की रडली नाही. रडली असती, तर निदान समजूत घालायचं काम तरी वेंडलला मिळालं असतं.

त्यानं पुरचुंडीतलं एक चाक खिळ्यावर चढवून टिचकी मारली. डुलू दे रे देवा, एवढंच मनात होतं. चाक फिरत राहिलं, फिरतच राहिलं. दाते जागच्या जागी. असलं चाक आपल्या हातून व्हायचं नाही, हे त्याला तिथंच कळून चुकलं.

त्यानं ती लावली. एक खिळा दोनदा घरंगळला. कर्ट वाकला, तसा वेंडल खेकसला, "राहू दे!" आजूबाजूच्या आया चमचे थांबवून बघायला लागल्या.

गाडी उतारावरून सुटली आणि दुसऱ्या नंबरावर आली. ब्रिन आता कुणाकडे धावते ते दिसू नये म्हणून वेंडल छताकडे बघत राहिला. कुणीतरी त्याची बाही ओढली.

"बाबा, गाडी डावीकडे ओढ खातेय! मधल्या पट्टीला घासते. सरळ कर ना!"

वेंडलनं झडप घालून गाडी उचलली.

"ठेव ती खाली!" मर्ल ओरडला आणि त्यानं ती काढून घेतली. "पहिली फेरी झाली की गाडीला कुणाचाही हात नाही. वेंडल, नियम तरी वाचत जा रे कधी."

"मग आता काय करायचं?" ब्रिननं विचारलं. त्यालाच विचारलं.

"आता काही नाही गं करता येत," वेंडल म्हणाला. ग्रॅफाइटनं काळे झालेले हात त्यानं काखेत घट्ट दाबून धरले. वर, उताराच्या टोकाला, मर्ल ब्रिनची गाडी पुढच्या फेरीसाठी पुन्हा ठेवत होता.