आंघोळ करून आलेले बटाटे

बटाट्याची सालं आणि किस्से, दोन्ही आमच्या लॅबमध्ये रोज साठतात. सालं संध्याकाळी गाय खाऊन जाते. किस्से कुणी नेत नाही, म्हणून मीच लिहितेय.

लॅब झाशीजवळच्या बिजौलीतल्या एका चिप्स कारखान्याची. बटाट्यात पाणी जास्त असलं की चिप्स तेल पितात. म्हणून आम्ही बटाटा चिरतो, तोलतो, ओव्हनमध्ये वाळवतो, पुन्हा तोलतो. पाणी उडून उरतं ते ड्राय मॅटर. ते कमी भरलं की माल परत!

*

लग्न होऊन झाशीला आले, हे रेल्वेत. नोकरीच्या पहिल्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "काय केलंस गं दिवसभर?"

"बटाटे चिरले. मग वाळवले."

त्या म्हणाल्या, "एम.एस्सी.ला हेच शिकवलं? मग आपला कीसपण तिकडूनच वाळवून आण. गच्चीवर माकडं फार झालीत!"

*

एकदा नेमकं एकादशीला रताळ्याचं सॅम्पल आलं. ओव्हन तापला तसा वास सुटला. माझ्या सीनियर शकुंतलादीदींचा उपवास. बिचाऱ्या ओव्हनकडे पाठ करून बसल्या होत्या.

दुपारी आमचे साहेब, त्रिपाठीजी, आले. "शकुंतला जी, शकरकंद का रिझल्ट?"

दीदींनी पदरानं तोंड पुसलं. "मीठी बहुत है, सर!"

*

मोठ गावचे शेतकरी रामसेवकदादा. गेल्या वर्षी त्यांचा माल परत गेलेला. यंदाही गेला तर पुढच्या वर्षी सगळ्या शेतात मटार, असं त्यांच्या बायकोनं बजावलं होतं. दादांचा जीव बटाट्यात!

सॅम्पलचे बटाटे त्यांनी रात्रभर बादलीत भिजवून, घासून, चकचकीत करून आणले. "जाँच में आ रहे थे, सो नहला लाए!"

त्रिपाठीजींनी कपाळाला हात लावला. "दादा, पानी ही तो नापना है!"

पुढच्या खेपेला बटाटे सुरकुतलेले. चक्क छपरावर उन्हात वाळवलेले! "लो, अब पानी की शिकायत मत करियो!"

शेवटी साहेबांनी मलाच शेतावर पाठवलं. माझ्यासमोर खणले, मीच पिशवीत भरले.

*

निकालाचा दिवस. वजन उतरायचं थांबेपर्यंत पुन्हा ओव्हन, पुन्हा काटा. काट्याला वारा चालत नाही, म्हणून पंखा बंद. दादा तर श्वासही रोखून बसलेले. आकडा उतरला की त्यांचा चेहराही उतरायचा.

"बस करो बहू! अब का राख करहौ?"

मी ताटली परत ओव्हनमध्ये ठेवली. अखेर आकडा हलेना. त्रिपाठीजींनी हिशेब केला, चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा हिशेब केला.

"पास!"

दादांनी ताटलीतले वाळके तुकडे हलकेच रुमालात बांधायला घेतले.

"इनका क्या करोगे, दादा?" दीदींनी विचारलं.

"घरवाली को दिखाएँगे. इत्ते साल से जो उगा रहे थे, सो जे है. बाकी तो सब पानी था!"