सोनेरी मावळे

काल गेटला रंगाचा स्प्रे मारत होते, त्या वासाने जुन्या सोसायटीतली दिवाळी आठवली. माझ्या कपाटात रोमन आणि फ्रेंच शिपायांशेजारी बोटभर उंचीचे धातूचे मावळे होते. वर्षभर बारीक ब्रशने मीच रंगवलेले, एकाच्या मुंडाशावर तर घामाचा डागसुद्धा. सोसायटीच्या किल्ल्यावर मांडायला म्हणून सेक्रेटरींनी ते मागितले आणि मी दिले. रंग म्हणजे लग्नाच्या हॉलचा झगमगाट, एवढीच त्या माणसाची अक्कल. संध्याकाळी खाली गेलो तर ओल्या मातीच्या वासावर स्प्रेचा उग्र दर्प चढलेला आणि तटावरचे सगळे मावळे नखशिखांत सोनेरी! "अहो, नगरसेवक येणारेत. वर महाराज सोनेरी आणि खाली मावळे मळके, बरं दिसतं का ते?" हातातला डबा खुळखुळवत सेक्रेटरी म्हणाले, आणि मी आभार मानीन म्हणून थांबलेसुद्धा. पुढे थिनरने सगळे धुऊन मी पुन्हा रंगवले, एक तेवढा तसाच ठेवला. आजही घरी येणारा प्रत्येक शहाणा अख्ख्या कपाटावरून नजर फिरवतो, त्याच्यापाशी थांबतो आणि म्हणतो, "हा मात्र एक नंबर जमलाय हां!"