टेंब्यांची एकुलती वापरलेली सुरी

डोंबिवली पूर्वेला राहणाऱ्या हरिहर टेंबे यांनी नोकरीच्या सबंध काळात स्वतःच्या हाताने एकही वस्तू घडवली नव्हती. ठाण्याजवळच्या एका कारखान्यात ते तपासणी विभागाचे प्रमुख होते आणि इतरांनी बनवलेले यंत्रांचे सुटे भाग नापास करणे हे त्यांचे काम होते. ते त्यांनी इतक्या निष्ठेने केले की निरोपाच्या समारंभात शाल-श्रीफळ देताना मालकांच्या चेहऱ्यावर दुःखाचा लवलेशही नव्हता. त्यानंतर कारखान्याकडून दर दिवाळीला शुभेच्छा येत राहिल्या; एखादा भाग तपासून द्याल का, असे मात्र कोणी विचारले नाही. माणसाला मान देऊन कामातून उठवण्याची ही रीत आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिच्यातला अपमान सत्कारमूर्तीलाही उशिराच कळतो. टेंब्यांना तो कळला तेव्हा त्यांनी सुऱ्या करायला घेतल्या.

या सुऱ्या स्वयंपाकघरातल्या नव्हेत. डोंगरात मुक्काम करणारी मुले ज्यांना ‘बुशक्राफ्ट नाइफ’ म्हणतात आणि टेंबे आग्रहाने ‘रानसुरी’ म्हणत, त्या जातीच्या. भंगारातल्या ट्रकच्या स्प्रिंगपट्टीतून पाते ठोकून काढायचे, तापवायचे आणि त्याला पाणी द्यायचे, हे काम खडवलीच्या काळुराम लोहाराच्या भट्टीत होई. पुढचे सारे टेंब्यांच्या बाल्कनीत. कानशीने पात्याच्या कडा मोडायच्या. मग काचकागद, आधी खरखरीत, मग बारीक, मग इतका बारीक की तो कागद आहे की रेशमी कापड याचा संभ्रम पडावा. शिसवी मूठ पितळी खिळ्यांनी बसवली की तिला जवसाचे तेल पाजायचे, वाळू द्यायचे, घासायचे आणि पुन्हा पाजायचे. मूठ पुरेशी गुळगुळीत झाली की नाही हे ते गालावर फिरवून ठरवीत. गाल खोटे बोलत नाही, असे त्यांचे मत होते. त्यासाठी त्या दिवशी ते दोनदा दाढी करीत.

पहिली तयार सुरी त्यांनी काळुरामला दाखवायला नेली. काळुरामने ती उलटसुलट पाहिली, पात्यात स्वतःचे तोंड पाहिले आणि विचारले, “साहेब, हिच्यात बघून भांग पाडायचा का?”

टेंब्यांनी ही स्तुती समजून स्वीकारली.

घरी त्यांच्या पत्नी हेमाताई मात्र लाल प्लॅस्टिकच्या मुठीची, बाजारातली सुरीच वापरत. “अगं, घरात एवढ्या सुऱ्या असताना?” असे टेंब्यांनी एकदा विचारले.

“तुमची हातात घेतली की वाटतं, आधी आंघोळ करून यावं,” हेमाताई म्हणाल्या. “आणि कांदा चिरला की तुम्ही मागे फडकं घेऊन उभे. सुरी पुसता की मला, तेच कळत नाही.”

तरीही सात रानसुऱ्या विकल्या गेल्या आणि टेंबे समाधानी होते. त्यांची सुरी कुठेतरी सह्याद्रीच्या कुशीत लाकूड तासते आहे, दोर कापते आहे, या कल्पनेवर त्यांची झोप सुधारली होती.

हे समाधान खडवलीला, नदीकाठी, एका रविवारी संपले. गिर्यारोहकांच्या एका गटाने तिथे शिबिर भरवून त्यांना पाहुणे म्हणून बोलावले होते. अवजार आणि माणूस यांच्या नात्यावर टेंबे बराच वेळ बोलले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग भाजीसाठी कांदे-बटाटे चिरायची वेळ आली आणि सर्वांनी आपापल्या पिशव्यांतून सुऱ्या काढल्या. प्रत्येकीची मूठ लाल प्लॅस्टिकची होती.

टेंब्यांनी शेजारच्या प्राचीला, म्हणजे त्यांच्या पहिल्या ग्राहकाला, विचारले, “माझी कुठे आहे?”

“काका, घरी शोकेसमध्ये. खाली मखमल घातलीय. लोक विचारतात, म्युझियममधून आणली का.”

“साकेत, तुझी?”

“मी फ्रेम करून घेतली. हॉलमध्ये लावलीय, तुम्ही या ना बघायला.”

“आईने माझी लॉकरमध्ये ठेवली,” तिसरा म्हणाला. “पाटल्यांच्या बाजूला.”

“अरे, पण सुरी कापायला असते.”

“काका, इतकी सुंदर गोष्ट वापरवत नाही,” प्राची मनापासून म्हणाली आणि तिने बटाट्याचे दोन तुकडे केले.

निघताना त्यांना शाल आणि नारळ देण्यात आला. नारळ फोडायला कोणी काढला नाही.

त्या संध्याकाळी टेंबे जेवले नाहीत. सात सुऱ्यांपैकी सहांचा हिशेब शिबिरातच लागला होता आणि सहाही निवृत्त होत्या. त्यांनी सुऱ्या केल्या होत्या की सुरीच्या आकाराचे दागिने, हा प्रश्न त्यांच्या पुढ्यात उभा होता आणि त्याचे उत्तर आता एकाच माणसाकडे होते. तो म्हणजे मितेश घाडी: आंबिवलीला राहणारा, एसी दुरुस्त करणारा आणि शिबिराला न आलेला सातवा ग्राहक. त्याची सुरी वापरात असेल तर टेंबे सुऱ्या करीत राहणार होते. नसेल तर बाल्कनीत कुंड्या ठेवायच्या, असे त्यांनी हेमाताईंना सांगून टाकले.

“कुंड्याच बऱ्या,” हेमाताई म्हणाल्या. “निदान पाणी घालायला तरी कोणी घाबरत नाही.”

मितेश फोन उचलेना. चौथ्या दिवशी उचलला आणि घाईघाईने म्हणाला, “काका, मी नाशिकला आहे, कामात आहे, आठवड्याने बोलू.” त्याच्या मागे ध्वनिक्षेपकावरची बाई स्वच्छ आवाजात आंबिवली स्थानकावर येणाऱ्या गाडीची माहिती देत होती. टेंब्यांनी आयुष्यभर खोटी मापे पकडली होती. त्यांनी चप्पल घातली.

मितेशने दार उघडले तेव्हा त्याच्या अंगावर बनियन आणि एका गालावर साबण होता.

“नाशिकहून कधी आलास?”

“आत्ताच, काका.”

“सुरी कुठे आहे?”

“काका, आधी पाणी घ्या ना.”

“हरवली?”

“नाही ओ.”

“विकलीस?”

“काय बोलता. आहे ती. पण तुम्हाला दाखवण्यासारखी राहिली नाही. म्हटलं, आधी स्टेशनाजवळच्या धारवाल्याकडून बाहेरच्या बाहेर चकाचक करून घेऊ, मग तुम्हाला तोंड दाखवू. मघाशी तुमचा फोन आला तेव्हा तिकडेच होतो. तो बोलला, हिचं काय होणार नाही.”

एवढ्यात स्वयंपाकघरातून दणका ऐकू आला. पाठोपाठ दुसरा. मितेशने टीव्हीचा आवाज वाढवला. तिसरा दणका त्याहून मोठा निघाला आणि टेंबे उठून आत गेले.

मितेशची आजी, रंगूबाई, पाटावर बसून लोणच्यासाठी कैऱ्या फोडत होती. डाव्या हातातली सुरी कैरीवर धरायची आणि उजव्या हातातल्या वरवंट्याने सुरीच्या पाठीवर घाव घालायचा. कैरी बाठीसकट दोन होत होती. लाकडाचा ओंडका फोडण्याची हीच पद्धत शिबिरातल्या मुलांनी चित्रफितीत पाहिली होती आणि वाखाणली होती. पाते कैरीच्या आंबट रसाने निळे-काळे, मध्येच जांभळे पडले होते. पाठीवर खळगे होते. आणि मुठीला, तेलाचे सारे थर प्यालेल्या त्या शिसवी मुठीला, सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली होती.

“आजी, हे सुरीवाले काका,” मितेश दारातून म्हणाला. पुढे येण्याचे धैर्य त्याला नव्हते.

“तुम्हीच काय ते. बसा,” रंगूबाई म्हणाली. “पातं बरं आहे हो. आणलीन तेव्हा पेटीत घालून कपाटात ठेवलेलीन याने. मी म्हटलं, सुरी आहे की नवरी? काढली बाहेर. मासळीला हीच, शहाळ्याला हीच. मूठ कोणी केली?”

“मीच.”

“तरीच. सुळकन सरकते ओ. सुरमई साफ करताना सुटली ती शेजारणीच्या पायाच्या अंगठ्याजवळ. ती आता आमच्याकडे चपला घालूनच येते. मग याला सांगितलं, सायकलवाल्याकडून ट्यूब आण.”

मितेशने डोळे मिटून घेतले.

“बघू जरा,” टेंबे म्हणाले.

“देते. एवढ्या होऊ देत.”

टेंबे खाली बसले. कारखान्यात त्यांनी मागितलेली वस्तू तत्क्षणी त्यांच्या हातात येई. तिला आणखी काम आहे, तुम्ही थांबा, असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ते थांबले. परातीत फोडी वाढत होत्या. प्रत्येक घावाला त्यांचा खांदा आपोआप आखडत होता आणि प्रत्येक घावानंतर पात्याच्या धारेकडे पाहून सैल पडत होता. धार एका ठिकाणीही उडाली नव्हती. आपली सुरी कामावर आहे आणि कोणीही तिचे कौतुक करीत नाही, हे त्यांना हळूहळू उमगत गेले आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्यांना भूक लागली.

“काका, आधीसारखी होईल ना?” मितेशने अपराधी आवाजात विचारले.

“होईल.”

“मग नेता का?”

“आधीसारखी होती तेव्हा ती कपाटात होती,” टेंबे म्हणाले. “मी करणार नाही.”

रंगूबाईने अखेर सुरी पुसून पुढे केली. टेंब्यांनी ती डोळ्यांसमोर आडवी धरली. काळे पाते त्यांनी पास केले. पाठीवरच्या खळग्यांवरून अंगठा फिरवला आणि तेही पास केले. मग त्यांची नजर मुठीवर थबकली. ट्यूब तिरकी गुंडाळलेली होती, मधे एक फुगवटा होता आणि टोक सुतळीने बांधून गाठ वरच ठेवली होती.

“ही कोणी गुंडाळली?”

“मी,” मितेश म्हणाला.

“नापास.”

त्यांनी गाठ सोडली आणि ट्यूब उलगडली. आतली शिसवी मूठ पहिल्या दिवसाइतकीच लखलखीत निघाली. रंगूबाईने क्षणभर तिच्याकडे पाहिले.

“देखणी आहे हो,” ती म्हणाली. “झाका पुन्हा.”

टेंब्यांनी मागितलेला काचकागद त्या घरात नव्हता. त्यांनी ओट्याखालची तारेची घासणी घेतली आणि गालाने पसंत केलेल्या त्या मुठीवर ती स्वतःच्या हाताने आडवी-उभी फिरवली. चेहरा दात उपटून घेणाऱ्याचा होता, पण हात थांबला नाही. मग ट्यूब ताणून धरली, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवला आणि शेवटचे टोक गाठ न मारता आत ओढून घेतले.

रंगूबाईने रसाने ओल्या हातात मूठ घट्ट आवळून पाहिली, दोनदा झटकली.

“आता धरते,” ती म्हणाली आणि नवी कैरी पुढ्यात ठेवली. “बसलात कशाला नुसते? तो वरवंटा द्या इकडे.”