न पेटलेला बॉयलर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे मी एका भल्या माणसावर आळ घेतला आहे.

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज खामगावजवळ. पोरांना बॉयलर आतून कोण दाखवणार? म्हणून कॉलेजनं व्हीआरचा चष्मा घेतला. डोळ्यांना लावला की आपण थेट बॉयलरच्या पोटात! एका धड्यात तर आतली नळी फुटते आणि सगळं लालेलाल होतं. शिकवणारा मी, आणि प्रयोगशाळा सांभाळणारे उंद्रीचे सुखदेवभाऊ. तेलगिरणीच्या खऱ्या बॉयलरवर त्यांची उमर गेली. गिरणी बंद पडली आणि ते आमच्याकडे कंत्राटावर आले. कंत्राट दरवर्षी नवं व्हायचं, आणि त्या वर्षाची मुदत त्याच महिन्यात संपत होती.

खंडेनवमीला आम्ही यंत्रांची पूजा करतो. लेथ झालं, ड्रिल झालं. मी म्हटलं, चष्मा काय पाप करून आला? उघड्या डबीत तो काचा वर करून निजला होता. मी डोळे मिटून फुलानं पाणी शिंपडलं, चिमूटभर कुंकू वाहिलं. माझी भक्ती जरा सढळ आहे.

"सर, काचेवर पडून राह्यलं कुंकू," सुखदेवभाऊ म्हणाले. "पुसू काय?"

"काऊन पुसता? पूजलेल्या वस्तूले हात लावत नसतात."

त्यांनी मुकाट्यानं डबी लावली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी सकाळी विद्यापीठाची समिती हजर!

प्राचार्य, समितीच्या मॅडम, सगळी पोरं समोर. मी ऐटीत चष्मा चढवला. बघतो तर काय, चहूकडे लाल! मला वाटलं, नळी फुटायचाच धडा लागला. लागला तर लागला! मी तोच शिकवायला घेतला. ही बघा फुटलेली नळी, हा बघा जाळ, आता आधी इंधन बंद करायचं, मागे सरकायचं. मी स्वतः चार पावलं मागे सरकून दाखवलं. वर्गात इतकी शांतता की मला वाटलं, पोरं भारावली.

एक गोष्ट मी विसरलो होतो. चष्म्यात जे चित्र लागतं ते भिंतीवरच्या पडद्यावरही दिसतं.

मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, बॉयलर अजून पेटलेलाच नाही."

चष्मा काढला. पडद्यावर थंडगार बॉयलर उभा, आणि माझ्या पापण्यांवर, नाकावर कुंकू. पोरं खाली मान घालून हसत होती. प्राचार्य हसत नव्हते.

आणि मग माझ्या तोंडून निघालं, "सुखदेवभाऊ, चष्मा साफ ठेवणं तुमचं काम आहे ना?"

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "चुकलं, सर," म्हणाले, आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं काच पुसू लागले.

प्राचार्य मॅडमना म्हणाले, "कंत्राटी माणूस आहे. पुढच्या महिन्यापासून दुसरा बघू."

खरं सांगतो, मला लाज वाटली. पण लाज वाटूनही मी मिनिटभर गप्प उभा होतो. ते मिनिट मला अजून टोचतं. शेवटी कसाबसा बोललो, "कुंकू मी वाहिलं. हे पुसत होते, मीच पुसू दिलं नाही. आणि खरा बॉयलर चालवलाय तो यांनीच."

आता हसायची पाळी प्राचार्यांची होती, पण ते हसले नाहीत. मॅडमनी शांतपणे विचारलं, खरंच नळी फुटली तर काय करायचं? मी तोंड उघडायच्या आत त्यांनी हात सुखदेवभाऊंकडे केला. भाऊंनी चष्मा न लावता दहा मिनिटं सांगितलं. पोरांनी वह्या काढल्या. माझ्या तासाला वह्या निघालेल्या मी कधी पाहिल्या नाहीत.

कंत्राट नवं झालं. यंदाच्या खंडेनवमीला मी वेळेआधीच पोचलो. पूजेची सगळी तयारी होती. चष्म्यावर स्वच्छ दुपट्टा पांघरलेला.

"सर, तुम्ही फक्त नारळ फोडा," सुखदेवभाऊ अदबीनं म्हणाले.

कुंकवाची वाटी त्यांनी उंच कपाटावर ठेवली होती, माझा हात पोचणार नाही अशी.