नवसाबाई नवऱ्याला दवाखान्यात नेतात

नवऱ्याला दारूचं व्यसन आहे, हे नवसाबाईंनी स्वतःच ठरवलं होतं. मखमलाबादला दोघांची झेंडूची शेती. झुंबरराव शनिवारी थोडी घ्यायचे, लग्नात जरा जास्त, आणि घरी येऊन गुपचूप झोपायचे. नवसाबाईंना ते गुपचूप झोपणंच खटकायचं. शेवटी एका सोमवारी त्यांनी नवऱ्याला नाशकात, व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांसमोर आणून बसवलं.

डॉक्टर तेजस्विनी विचारू लागल्या. आधीपेक्षा आता जास्त लागते का? नाही मिळाली तर चिडचिड होते? सोडायला गेलात आणि जमलं नाही, असं झालंय? त्रास होतो हे कळूनही चालूच आहे?

झुंबरराव दर वेळी नीट विचार करून "नाय" म्हणत होते. सुरुवातीला नवसाबाई त्यांना खोटं पाडत होत्या.

"दारू चांगली नाहीच, बंद केलीत तर उत्तम," डॉक्टर म्हणाल्या, "पण याला व्यसनाचा आजार म्हणता येणार नाही." मग त्यांची नजर नवसाबाईंच्या काळ्या पडलेल्या बोटावर गेली. "मावशी, मिश्री लावता?"

"दात घासते. तंबाखू भाजून घरीच करते, चांगली असती."

"दिवसातून केव्हा केव्हा लावता?"

"उठल्यावर. चहा झाला की. फुलं खुडायच्या आधी, खुडल्यावर. आत्ता भाईर बसले व्हते तवा."

"सोडून पाहिली कधी?"

नवसाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"पोरीच्या बाळंतपणात सोडली व्हती," झुंबरराव म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी व्याह्यांना घराभाईर काढलं हिनं."

"ते त्यांच्या बोलण्यामुळं!"

"ते नमस्कार म्हणले व्हते."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यावाचून अडतं का, आणि नुकसान दिसत असूनही हात थांबतो का, यावरून व्यसन ठरतं, असं त्यांनी समजावलं. तोंड तपासलं, तर हिरडीवर पांढरा चट्टा. तिखट लागलं की तिथं आग व्हायची. नवसाबाई दोष मिरचीला देत. चट्ट्याचा छोटा तुकडा तपासायला गेला. कर्करोग नव्हता, पण मिश्री चालू राहिली तर होऊ शकला असता.

घरी आल्यावर नवसाबाई बरेच दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. हे सगळं झुंबररावांनीच घडवून आणलं, असं त्यांचं म्हणणं होतं. मग एका सकाळी त्यांनी मिश्रीचा डबा उकिरड्यावर पालथा केला. मध्ये बहिणीकडे एकदा बोट घसरलंच. डॉक्टर रागावल्या नाहीत, पुन्हा सुरुवात करा म्हणाल्या.

आता नवसाबाई तपासणीला आत जातात. झुंबरराव बाहेर बाकावर, नवऱ्यांना घेऊन आलेल्या बायकांमध्ये बसतात. परवा शेजारच्या बाईनं विचारलं, "भाऊ, कधीपासून पिता?"

"मी नाय. मी मंडळींना घेऊन आलोय."

बाईनं सहानुभूतीनं मान हलवली. "आमचे पण आधी असंच म्हणायचे."