किल्लेदाराच्या बायकोचं शेवटचं वाक्य

रुपाली डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये कामाला होती आणि संध्याकाळी हौशी नाटकं करायची. यंदा नाटक बसवणाऱ्या महिपत सरांनी तिला एका शोकांतिकेत किल्लेदाराच्या बायकोची भूमिका दिली. नवरा खोट्या संशयावरून तिला विष पाजतो आणि मरताना ती म्हणते, "त्यांना दोष देऊ नका. चूक माझीच."

तालमी चालू असतानाच धाकटी बहीण संचिता दिव्याच्या सासरहून बॅग घेऊन माहेरी आली. नवरा तिचा मोबाइल तपासायचा, ऑफिसात व्हिडिओ कॉल करून शेजारी कोण बसलंय ते दाखवायला लावायचा. आईचं म्हणणं, संशय घेतो म्हणजे जीव आहे त्याचा. चार दिवस राहा आणि परत जा. रुपाली मध्ये पडली नाही. तिच्या डोक्यात पाठांतर होतं.

डोंबिवलीचा प्रयोग रंगला. शेवटच्या वाक्याला बायका डोळे पुसत होत्या. घरी जाताना रिक्षात आईने संचिताचा हात धरला. "बघितलंस? सोसणाऱ्या बाईचंच नाव राहतं."

संचिता बाहेर बघत राहिली. ते वाक्य रुपालीनेच तर इतकं गोड करून ठेवलं होतं.

मग तिला कशातच चैन पडेना. कामात चुका व्हायला लागल्या. शेवटी तिने सरांना सांगितलं की हे वाक्य आता तोंडातून निघत नाही. सर म्हणाले, तिचा मोठेपणा त्या क्षमेतच आहे.

"क्षमा कळते हो सर. पण चूक माझी, असं का म्हणते ती?"

लिहिलंय तसं बोल, एवढंच सर म्हणाले.

ठाण्याच्या प्रयोगात ती विष पिऊन कोसळली. वाक्याची वेळ आली. तिने किल्लेदार झालेल्या सुदेशकडे बघितलं आणि म्हणाली, "हे तुम्ही केलंत."

सुदेश पुढचा विलापच विसरला. पडदा पडला तेव्हा टाळ्या तुटक वाजल्या. सरांनी ती भूमिका ग्रुपमधल्या शिवानीला देऊन टाकली. आई म्हणाली, आज काही जमलं नाही तुझं. संचिताने मात्र तिची कपड्यांची पिशवी आपल्याकडे घेतली.

पुढच्या आठवड्यात संचिताने तिला ठाण्याला वकिलाकडे सोबत यायला सांगितलं. नेमका त्याच संध्याकाळी पुढचा प्रयोग होता. संचिता आत बोलत होती. बाहेर बाकावर रुपाली सारखी घड्याळ बघत होती. आता पहिला अंक सुरू झाला असेल. भूमिका गेल्याचं तिला वाईट वाटत होतं, आणि ते काही केल्या जात नव्हतं.