डावा आहे, पण चांगला आहे

मामाचं कार्ड बाबा मोठ्यानं वाचत होते. मामा वाशीमच्या कोर्टात कारकून, त्यामुळे त्याचं अक्षर मोत्यासारखं आणि मजकूर फिर्यादीसारखा. मुलगा नागपूरच्या कॉलेजात प्रोफेसर आहे. वडील नाहीत, आई आहे, शेती आहे, हुंडा नको म्हणतो. आणि सगळ्यात शेवटी, कार्डाच्या काठाला दाटून लिहिलेलं: "एक गोष्ट आधीच कळवतो, मागाहून मला बोल नको. मुलगा डावा आहे, पण चांगला आहे."

मी अंगणात तुरीची डाळ पाखडत होते. हातातलं सूप खाली पडलं, डाळ अंगणभर झाली, कोंबड्यांची चंगळ झाली, आणि माय मला एका शब्दानं बोलली नाही. ती तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होती. मी स्वतः डावरी होते ना!

आज हे सांगताना हसू येतं. पण आमच्या किन्हीराजा गावात तेव्हा, गोऱ्या साहेबाच्या राज्यात, पोरीचा डावा हात म्हणजे घराघरात लपवायची गोष्ट होती. डाव्या हातानं वाढायचं नाही, कुणाला काही द्यायचं नाही, कुंकू लावायचं नाही. मी पाटीवर अक्षरं गिरवायला लागले तेव्हा बाबांनी माझा डावा हात सुतळीनं खांबाला बांधून ठेवला होता. शिकले मी उजव्या हातानं लिहायला, मराठी सातवीही पास झाले. पण घाई झाली, राग आला की डावाच हात पुढे धावायचा, आणि राग तर मला दिवसातून दहादा यायचा. या हातानं माझी दोन स्थळं घालवली. पहिलं रिसोडचं. होणाऱ्या सासूबाईंनी सुई ओवायला दिली आणि मी शहाणी, डाव्या हातानं झटक्यात ओवून दाखवली. दुसऱ्या वेळी मी नीट वागले, पण शेजारणीनं आधीच बातमी पोचवली होती. एकोणीस वर्षांची घोडी झाले होते मी. हे तिसरं स्थळ गेलं असतं, तर पुढे आमच्या दारात कुणी पाऊल टाकलं नसतं. आम्हा तिघांनाही हे माहीत होतं.

आणि आता नागपुराहून डावा नवरा येत होता! मायनं देवापुढे साखर ठेवली. मी तर हवेतच होते. लोक चेहऱ्याच्या प्रेमात पडतात, मी एका हाताच्या प्रेमात पडले. तो फळ्यावर कसा लिहीत असेल, पोरं हसत असतील का, हसली तर हा कसा डोळे वटारत असेल, सगळं मी मनात रंगवलं. त्या आठ दिवसांत मी भाकरी डाव्या हातानं थापली, दळण डाव्या हातानं दळलं, आणि मायनं मला टोकलं नाही. फक्त एकदा म्हणाली, लोकांसमोर नको.

पाहुणे आले. वाशीम स्टेशनावरून सर्व्हिस मोटारीनं आमच्याकडचं मालेगाव, आणि तिथून आमची बैलांची दमणी. तो होता, त्याची आई होती, मामा होता, आणि वडिलांच्या जागी म्हणून त्याच्याच कॉलेजातले एक म्हातारे प्रोफेसर होते, पागोटं आणि उपरण्यातले. मी दाराच्या फटीला डोळा लावला. त्यानं पाण्याचा गडवा घेतला, उजव्या हातानं. पान घेतलं, उजव्या हातानं. सुपारी कातरली, तीही उजव्या हातानं. मला वाटलं, बिचारा! यालाही लहानपणी खांबाला बांधलं असणार. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

ओट्यावर निम्मं गाव जमलं होतं. डावा प्रोफेसर बघायला आलेले सगळे, आणि तो काही डावा दिसेना. शेवटी शेजारच्या काकांना राहवलं नाही.

"मास्तर, तुमी डावे हाय असं आयकलं. मंग सुपारी त उजव्या हातानं कातरून राह्यले."

तो आधी गोंधळला, मामाकडे बघितलं, आणि मग असा काही हसला की पागोटंवाले म्हातारेही हसायला लागले. मामाचा चेहरा पडला. नागपुरात लोक याला डावा म्हणतात हे त्यानं ऐकलं होतं, आणि कोर्टातल्या माणसासारखं जसं ऐकलं तसं लिहून दिलं होतं.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे हा डावरा नाहीच! मला त्याचा इतका राग आला की दार उघडून जाऊन त्याला जाब विचारावा. पण तो समजावून सांगायला लागला आणि मी तिथेच खिळले. दूर फ्रान्स देशात लोकांनी राजाविरुद्ध उठाव केला, तेव्हा सभेत ज्यांना सगळं बदलायचं होतं ते अध्यक्षाच्या डाव्या बाजूला बसले, आणि ज्यांना राजा, सरदार, जुनी घडी टिकवायची होती ते उजव्या बाजूला. बसायची जागा होती ती, तिचं नाव होऊन बसलं. आमच्या कॉलेजात, तो म्हणाला, असे दोन्ही आहेत. मी डावा, आणि हे आमचे गुरुजी उजवे. रोज चहाच्या वेळी भांडतो.

काका म्हणाले, बैलांचंही तसंच असतं, डावीकडच्याला उजवीकडे जुंपलं की अडून बसतो. यावर दोन्ही प्रोफेसर एकदम खूश झाले आणि तिथेच जुंपली त्यांची. म्हातारे म्हणत, जुनं घर गळत असेल तर कौलं शाकारा, घर कशाला पाडता? पोरींनी सातवीपुढे शिकू नये हेही त्यांनी त्याच दमात सांगून टाकलं. हा म्हणत होता, घर कुणाच्या पाठीवर उभं आहे ते आधी बघा. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या बाजूला सारलं, पंगतीतून उठवलं, जे जन्माला आले तसे वाईट ठरवले, त्यांच्या बाजूला जो उभा राहतो तो डावा.

जन्माला आले तसे वाईट ठरवले! अंगावर काटा आला माझ्या. हा तर माझंच बोलत होता. हातानं डावा असण्यापेक्षा हे कितीतरी मोठं डावेपण होतं, आणि हे मला मिळणार होतं! मी स्वयंपाकघरात पळत गेले. माय भजी तळत होती. मला इतका आनंद झाला होता की मी तिला मागून मिठीच मारली, आणि ती कढई कढई म्हणून ओरडली.

पंगत बसली. बाबा पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. तूप वाढायचं काम माझं. उंबऱ्याशी आले आणि ठरवलं, आता लपवायचं नाही. तुपाची वाटी उजव्या हातात, पळी डाव्या हातात. पहिले बसले होते ते पागोटंवाले. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, भाताला खळगा केला आणि म्हणाले, वाढ बाई, भात निवतोय. मी वाढलं. पुढचं पान त्याचं. मी पळी भरून पुढे केली. त्यानंही पाहिलं. मग आतल्या दाराकडे पाहिलं, तिथे त्याची आई बायकांत बसली होती. आणि अगदी हळू, अगदी सभ्यपणे बोलला.

"आजच्या दिवस उजव्या हातानं वाढा. आई बघते आहे."

मी हात बदलला. उजव्या हातानं वाढलं, पुढच्या सगळ्या पानांवर वाढलं आणि आत आले.

तो लबाड नव्हता. पुढे मजुरांच्या बाजूनं बोलला म्हणून दोनदा तुरुंगात गेला, मी पेपरात वाचलं आणि मला त्याचा अभिमानच वाटला. पोलिसांना तो भ्यायचा नाही, आईला भ्यायचा. पण त्या आईच्या घरात रोज वाढायला मला जायचं होतं.

जेवणं झाल्यावर मामा आत आला, फुललेला. पसंत आहे म्हणाला, आई पण पसंत म्हणतात. माय हात जोडून उभीच राहिली.

"मले नाही करायचं हे लगन," मी म्हणाले.

"काहून वं?"

"थो डावा नाही, माय."

"मंग त अजूनच बेस झालं की!" माय म्हणाली.

मला हसू फुटलं, रडूही फुटलं. मामा चिडून बोलत होता, तिसरं स्थळ, एकोणीस वर्षं, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, म्हणू दे. दारात बाबा उभे होते, हातात तो तांब्या तसाच. त्यांनी मामाला हातानंच थांबवलं. म्हणाले, "पंगतीत म्या पाह्यलं." एवढंच. आणि ते बाहेर ओट्यावर गेले. जमलेलं गाव तिथेच बसलेलं, पाहुणे पान खात होते. मी फटीला डोळा लावला.

"पावनं, तुमी मानसं चांगली हाय," बाबा म्हणाले. "पन आमची पोरगी डावरी हाय. आमी थे आजवर लपवलं, थे आमचं चुकलं. आता लपवून द्याची नाही."

एकोणीस वर्षांत तो शब्द बाबांच्या तोंडून मी चारचौघांत पहिल्यांदा ऐकला. माय मटकन खाली बसून रडायला लागली, लगन मोडलं म्हणून, आणि मी तिचे दोन्ही हात धरून तिला उठवलं आणि चुलीपुढे गरगर फिरवलं.